नृत्यखेळातील कार्निव्हल

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर नर्तक नाचतो, समोर उभा असलेला खेळाडू हातात छोटे यंत्र धरून त्याची नक्कल करतो आणि ती कितपत साधली याचे गुण तत्क्षणी पडद्यावर उमटतात. अशा व्हिडिओ गेमला नृत्यखेळ म्हणता येईल. प्रत्येक गाण्याला स्वतंत्र नृत्यरचना, वेशभूषा आणि पार्श्वभूमी देणे हा या खेळांचा परिपाठ. त्यात पिसांचे मुकुट, झगमगते कपडे आणि ढोलांचा गजर असलेला ब्राझीलचा कार्निव्हल वारंवार भेटतो.

नृत्यखेळांची लाट जपानमधून आली. कोनामी कंपनीचा ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ हा खेळ १९९८ मध्ये खेळघरांत दाखल झाला. त्यात पायांखाली चार बाणांची फळी असे आणि पडद्यावरील बाणांबरहुकूम नेमक्या ठोक्यावर पाय टाकावा लागे. पुढच्याच वर्षी सेगा कंपनीने ‘सांबा दे अमिगो’ आणला. कार्निव्हलचा बाज मुळापासून घेतलेला हा पहिला गाजलेला खेळ. खेळाडूच्या दोन्ही हातांत माराकास म्हणजे दाणे भरलेले खुळखुळे द्यायचे आणि पडद्यावरच्या माकडाबरोबर ते वर, मध्ये, खाली वाजवायचे, अशी त्याची गंमत होती. २००८ मध्ये त्याची निन्टेन्डोच्या ‘वी’ यंत्रासाठी आवृत्ती निघाली आणि २०२३ मध्ये तो नव्या रूपात पुन्हा आला.

घराघरांत पोहोचला तो मात्र फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीचा ‘जस्ट डान्स’. पहिली आवृत्ती २००९ ची. या मालिकेचा पुण्याशी थेट संबंध आहे, हे अनेक पुणेकरांना ठाऊक नसते. गेमलॉफ्ट कंपनीचा पुण्यातील स्टुडिओ युबिसॉफ्टने २००८ मध्ये विकत घेतला आणि पुढील दशकात ‘जस्ट डान्स’च्या अनेक आवृत्त्यांच्या निर्मितीत पॅरिस, मिलान, बुखारेस्ट या स्टुडिओंच्या जोडीने पुण्याचेही नाव झळकू लागले. खोक्यावर नाव कंपनीचे आणि मुखवटा पॅरिसचा. अशा सामूहिक कामात पुण्याचा वाटा शोधायचा तर खेळाच्या अखेरीस सरकणारी श्रेयनामावली वाचावी लागते आणि ती वाचण्याइतका धीर नाचून दमलेल्या माणसाकडे क्वचितच असतो.

‘जस्ट डान्स’ची पद्धत वेगळी आहे. प्रत्यक्ष नर्तकाला पोशाख व रंगभूषा करून चित्रित केले जाते. नंतर त्या चित्रफितीवर संस्करण करून चेहरा जवळजवळ पुसून टाकतात आणि उरते ती भडक रंगांची चमकती आकृती. तिच्या एका हातात ठळक रंगाचा हातमोजा असतो. खेळाडूने आरशात पाहावे तशी तिची नक्कल करायची. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पुढील हालचालींची छोटी चित्रे सरकत येतात. गुण देण्याचे काम खेळाडूच्या उजव्या हातातील यंत्राचे. ‘वी’च्या यंत्रात प्रवेग मोजणारा संवेदक होता. हात कोणत्या दिशेने, किती झटक्याने आणि कोणत्या क्षणी हलला, एवढे त्याला कळे. नंतर यंत्राची जागा मोबाइल फोननेही घेतली, पण तत्त्व तेच राहिले. अलीकडील आवृत्त्यांत एका गाण्याचे कमाल गुण १३,३३३ आहेत.

आता कार्निव्हलच्या थाटाचे एक गाणे पाहू. २०१२ च्या ‘जस्ट डान्स ४’मध्ये ‘मास के नादा’ आहे. जॉर्ज बेन यांनी हे गाणे १९६३ मध्ये ध्वनिमुद्रित केले, सर्जिओ मेंडेस यांच्या वाद्यवृंदाने १९६६ मध्ये ते जगभर नेले आणि २००६ मध्ये मेंडेस यांनीच अमेरिकेतील ‘ब्लॅक आइड पीज’ या गटाला सोबत घेऊन ते नव्याने सादर केले. खेळात घेतलेला अवतार हा शेवटचा. मूळ गाणे काही कार्निव्हलच्या मिरवणुकीसाठी लिहिलेले नव्हते. गाणारा वाट मागतो, कारण त्याला सांबा नाचायचा आहे, एवढाच त्याचा आशय. परंतु ब्राझील म्हटले की कार्निव्हल, हे समीकरण मनोरंजनाच्या बाजारात इतके घट्ट आहे की खेळातही सांबा आला की पिसांचा साज आपोआप येतो. (भारतही यातून सुटलेला नाही. २०११ च्या ‘जस्ट डान्स ३’मध्ये ‘बॉलिवूड रेनबो’ या नावाखाली ‘कुरिओ को उद्दाह ले जाना’ असे एक गाणे आहे. त्या शीर्षकाचा अर्थ हिंदी जाणणाऱ्याने लावून दाखवावा!)

खरी अडचण पोशाखाची नसून पायांची आहे. सांबा हा पायांचा नाच. दोन ठोक्यांच्या अवकाशात तीन झपाट्याची पावले, गुडघ्यांची लवचीक उघडझाप आणि तिच्यामुळे आपसूक हलणारी कंबर, हे त्याचे मर्म. हातांना त्यात दुय्यम स्थान आहे. ‘जस्ट डान्स’ मोजतो तो मात्र हात. त्यामुळे अशा नृत्यरचनेत हातांचे मोठे, स्पष्ट झोके जास्त असावे लागतात. सोफ्यावर बसून उजवा हात अचूक हलवणाऱ्यालाही भरघोस गुण मिळू शकतात, ही या खेळावरची जुनी टीका आहे. मायक्रोसॉफ्टच्या किनेक्ट कॅमेऱ्यावर चालणारा, २०१० चा ‘डान्स सेंट्रल’ संपूर्ण शरीर पाहत असे. पण किनेक्टचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले आणि मैदान पुन्हा हाताकडे गेले.

कार्निव्हलला गुणांचे मात्र वावडे नाही. रिओ दि जानेरोतील सांबा शाळांची स्पर्धा १९३२ पासून होते आणि १९८४ पासून ती ऑस्कर निमायर यांनी रचलेल्या सांबाड्रोममध्ये भरते. तालवाद्यांचा ताफा, त्या वर्षीचे गाणे, वेशभूषा, चित्ररथ, निशाण मिरवणारी जोडी अशा एकेका अंगाला परीक्षक दशांशापर्यंत गुण देतात. मात्र तेथे हजारो माणसांच्या शाळेचा एकत्र कस लागतो, एकट्याच्या मनगटाचा नव्हे.

मराठी वाचकाला जवळचा कार्निव्हल गोव्याचा. कोकणीत तो ‘इंत्रूज’. चाळीस दिवसांच्या उपवासकाळापूर्वीचे हे चार दिवस, शनिवार ते मंगळवार. किंग मोमोची खा-प्या-मजा करा ही आज्ञा आणि पणजीतील चित्ररथांची मिरवणूक हे आजचे रूप मात्र १९६५ पासूनचे. पर्यटकांच्या छायाचित्रांत तेच असते. त्याहून जुना आणि नृत्याच्या दृष्टीने कितीतरी अस्सल प्रकार सासष्टीतील चांदोर गावी टिकून आहे. चांदोर म्हणजे पूर्वीचे चंद्रपूर, कदंबांची राजधानी. तेथील ख्रिस्ती पुरुष कार्निव्हलच्या सोमवारी रात्री फेटे बांधून, पायांत घुंगरू घालून, लांब मुसळे जमिनीवर आपटत ‘मुसळ खेळ’ करतात. चाल धर्मांतरापूर्वीची, वार कार्निव्हलचा! येथेही ताल जमिनीतून येतो.

पुण्यात याचा पडताळा घ्यायला समुद्रकिनारी जाण्याची गरज नाही. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी आषाढी वारीत विश्रांतवाडीवरूनच शहरात येते. कार्निव्हलचा आणि वारीचा भाव अगदी निराळा. तुलना करायची ती फक्त चालत्या समूहाच्या नाचाची. टाळ वाजवणारे हात एका लयीत बांधलेले असतात आणि पावली खेळणारे पाय मात्र पुढे, मागे, बाजूला असा सगळा हिशेब करतात. उजव्या हातात फोन धरून या पावलीची नोंद घेतली, तर टाळाचा ठोका तेवढा नोंदला जाईल.

चांदोरचा खेळ पाहू इच्छिणाऱ्यांनी तारखेचा हिशेब असा करावा : ईस्टरच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार येतो आणि मुसळ खेळ त्याच्या दोन दिवस आधी, सोमवारी रात्री असतो. मडगावहून गाव जवळच आहे.