कोंबड्यांचा ताप

आमच्या परसातल्या खुराड्यात चार कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. सकाळी दाणे टाकताना मला पुष्कळदा अमेरिकेतले बोस्टन आठवते. १८४९ च्या नोव्हेंबरात तिथे कोंबड्यांचे प्रदर्शन भरले आणि हजारो माणसे लोटली. चीनहून आलेल्या, पायांवरही पिसे असलेल्या थोराड कोंबड्यांनी लोकांना वेड लावले. हौसेचा बघता बघता व्यापार झाला. बर्नहॅम नावाच्या चतुर विक्रेत्याने १८५२ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीला नऊ पक्षी नजर केले. मग त्याच्या मालाचा भाव काय विचारता! गंमत अशी की, त्या जातीला पुढे नाव मिळाले ते आपल्या ब्रह्मपुत्रेवरून, ‘ब्रह्मा’! १८५५ पर्यंत हा ताप उतरला, आणि त्याच बर्नहॅमने ‘कोंबड्यांच्या तापा’चा विनोदी इतिहास लिहिला.

मी हसतो खरा. पण एकदा दुप्पट भावाला भुलून आईची खुडूक बसलेली कोंबडी मीही विकली होती. तिच्याखाली तेरा अंडी होती. आई काही बोलली नाही. गार झालेली ती अंडी तिने संध्याकाळी मुकाट्याने उचलली.

त्यानंतर आमच्या घरची कोंबडी मी कधी विकली नाही.