ग्राहक विवाद : कायद्यातील अर्थ आणि निवारणाची पद्धत

विकत घेतलेली वस्तू सदोष निघाली, विमा कंपनीने दावा फेटाळला किंवा बिल्डरने ठरलेल्या मुदतीत सदनिकेचा ताबा दिला नाही, तर ग्राहकाचा विक्रेत्याशी 'वाद' झाला असे व्यवहारात म्हटले जाते. कायद्याला अभिप्रेत असलेला अर्थ याहून नेमका आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २ (८) नुसार, ज्याच्याविरुद्ध तक्रार केली आहे त्याने तक्रारीतील आरोप नाकारले किंवा त्यांना हरकत घेतली, की तो 'ग्राहक विवाद' ठरतो. ग्राहकाचे केवळ असमाधान म्हणजे विवाद नव्हे. आधी लेखी तक्रार आणि नंतर तिचा इन्कार, अशी ही दोन पावले आहेत. इन्कार झाला की आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर येते. ग्राहकाचे यश पुष्कळदा त्याने जपून ठेवलेल्या कागदपत्रांवर अवलंबून असते, त्याचे कारण या व्याख्येतच आहे.

कायद्याची वाटचाल

बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली. देशपातळीवर ग्राहकांसाठी स्वतंत्र न्याययंत्रणा निर्माण करणाऱ्या कायद्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणूनच हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. या कायद्याची जागा पुढे २०१९ च्या कायद्याने घेतली. नव्या कायद्यातील बहुतेक तरतुदी २० जुलै २०२० पासून लागू झाल्या आणि जिल्हा 'मंचा'चा जिल्हा 'आयोग' झाला. ऑनलाइन खरेदी, दूरचित्रवाणीवरून होणारी विक्री आणि थेट विक्री हे व्यवहारही ग्राहकाच्या व्याख्येत स्पष्टपणे आले.

ग्राहक कोण?

मोबदला देऊन किंवा देण्याचे कबूल करून वस्तू विकत घेणारा अथवा सेवा घेणारा तो ग्राहक. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तू व सेवा मात्र या संरक्षणातून वगळल्या आहेत. या अपवादालाही एक अपवाद आहे. स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. घरी स्वतः कपडे शिवून पोट भरणाऱ्या व्यक्तीने घेतलेले शिलाई यंत्र या संरक्षणात येते. कामगार ठेवून मोठ्या प्रमाणावर नफ्यासाठी चालवलेल्या कारखान्यातील यंत्र सामान्यतः येत नाही.

'सेवा' या शब्दाची मर्यादा न्यायालयीन निर्णयांनी ठरत गेली. गृहनिर्माण करणारी सरकारी प्राधिकरणेही सेवा देतात, असे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९३ मध्ये सांगितले. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या प्रकरणात १९९५ मध्ये मोबदला घेऊन केलेली वैद्यकीय सेवा कायद्याच्या कक्षेत आली. सर्वच रुग्णांवर विनामूल्य उपचार करणारी रुग्णालये मात्र त्यातून वगळली गेली. काही रुग्णांकडून शुल्क घेतले जात असेल, तर तेथे मोफत उपचार घेणाऱ्यालाही दाद मागता येते. वकिलांची व्यावसायिक सेवा या कायद्यात मोडत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला.

तक्रारीची कारणे

वस्तूतील दोष, सेवेतील त्रुटी, अनुचित व्यापारी प्रथा, ठरलेल्या किंवा छापील किमतीपेक्षा जास्त आकारणी, जीवितास धोकादायक वस्तूंची विक्री आणि ग्राहकावर अन्याय करणारा एकतर्फी करार ही तक्रारीची प्रमुख कारणे होत. बिल न देणे ही २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात नमूद केलेल्या मुदतीत सदोष वस्तू परत न घेणे, आणि अशी मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत ती परत न घेणे, हेही त्यातच येते. सदोष उत्पादनामुळे शरीराला किंवा मालमत्तेला इजा झाल्यास उत्पादक, विक्रेता किंवा सेवा देणारा यांच्याकडून 'उत्पादन दायित्वा'खाली भरपाई मागता येते.

कोणत्या आयोगाकडे?

आयोगाची अधिकारकक्षा वस्तू वा सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. मागितलेल्या भरपाईचा आकडा तेथे पाहिला जात नाही. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याची तक्रार जिल्हा आयोगाकडे, त्यापुढे २ कोटींपर्यंतची राज्य आयोगाकडे आणि त्याहून अधिक रकमेची राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते. साहजिकच विम्याचा दावा कोट्यवधींचा असला, तरी हप्ता लहान असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. या तरतुदीची वैधता सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये मान्य केली.

तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते. नागपूरच्या ग्राहकाला कंपनीच्या मुंबई कार्यालयापर्यंत जावे लागत नाही. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. त्यासाठी १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' ही प्रणाली सुरू झाली आहे.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. विलंबाचे समाधानकारक कारण दिल्यास आयोग तो माफ करू शकतो. पण कंपनीशी पत्रव्यवहार सुरू आहे, एवढ्याच कारणाने मुदत वाढत नाही. 'पुढच्या महिन्यात बघू' या आश्वासनांवर विसंबलेल्या ग्राहकाचा हक्क असाच हातचा जातो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर केलेल्या तक्रारीतून तडजोड होऊ शकते. तो आयोगापुढील खटला नव्हे.

तक्रार ते निकाल

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे आयोगाने साधारणतः २१ दिवसांत ठरवायचे असते. त्या मुदतीत निर्णय न झाल्यास ती दाखल झाली असे मानले जाते. विरुद्ध पक्षाला लेखी जबाबासाठी ३० दिवस आणि आयोगाच्या परवानगीने आणखी १५ दिवस मिळतात. ही ४५ दिवसांची मर्यादा बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जुन्या कायद्यातील समान तरतुदीबाबत मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले. विरुद्ध पक्षाने मौन बाळगले, तर प्रकरण एकतर्फी चालते. तरीही तक्रारदाराला शपथपत्र व कागदपत्रांनी आपले म्हणणे सिद्ध करावे लागतेच. तपासणीखेरीज दोष कळणार नसेल, तर वस्तूचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवला जातो.

तडजोडीची शक्यता दिसल्यास दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे सोपवता येते. ही सोय २०१९ च्या कायद्याने प्रथमच दिली. निकालासाठी कायद्याने तीन महिन्यांची, तर तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांची मुदत घातली आहे. प्रत्यक्षात अनेक प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळतात. आरोप सिद्ध झाल्यास दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, व्याजासह रक्कम परत करणे, नुकसानभरपाई आणि खर्च असे आदेश आयोग देऊ शकतो.

करारात लवादाचे कलम आहे म्हणून ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये सांगितले. प्रकल्प 'रेरा'खाली नोंदलेला असला, तरी सदनिकाधारकाला आयोगाकडे जाता येते, हे नोव्हेंबर २०२० च्या निर्णयाने स्पष्ट झाले.

आदेशानंतर

जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. रक्कम देण्याचा आदेश झालेल्या पक्षाला त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता येतो. तो न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कारावास, किमान २५ हजार ते एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अंमलबजावणी हा या व्यवस्थेचा दुबळा दुवा राहिला आहे. जुन्या कायद्याच्या २००२ च्या दुरुस्तीतील शब्दरचनेमुळे केवळ अंतरिम आदेशांचीच सक्तीने अंमलबजावणी होऊ शकते, असा अर्थ निघत होता. परिणामी अंतिम आदेश हाती असूनही अनेक ग्राहक अडकून पडले. पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही त्रुटी दूर केली आणि २००३ ते २०२० या काळातील अंतिम आदेशांच्या अंमलबजावणीचा मार्ग मोकळा केला.

या साऱ्या प्रक्रियेत ग्राहकाच्या हाती असणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत : बिल, करारनामा, हमीपत्र, पैसे दिल्याची पावती, तारखेसह केलेली लेखी तक्रार आणि तिची पोच. विरुद्ध पक्षाने आरोप नाकारल्यावर आयोगापुढे प्रथम हीच कागदपत्रे तपासली जातात. ती जपणे आणि दोन वर्षांच्या मुदतीचे भान ठेवणे, ही दक्षता ग्राहकाने खरेदीच्या दिवसापासूनच घ्यायला हवी.