एकदाच दिसलेला शेवट

२२ ऑगस्ट १९५३ च्या शनिवारी रात्री ब्रिटनमधील सुमारे ५० लाख प्रेक्षकांनी दूरचित्रवाणीवर एका मालिकेचा शेवटचा भाग पाहिला. त्या रात्रीनंतर तो भाग पुन्हा कोणालाही पाहता आलेला नाही. मालिकेचे नाव 'द क्वाटरमास एक्सपरिमेंट'. लेखक नायजेल नील, दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टिए आणि प्रक्षेपण बीबीसीचे. हा शेवट नाहीसा कसा झाला, हा इतिहासाचा प्रश्न आहे. त्या शेवटात काय सांगितले होते, हा मात्र विज्ञान शिकवणाऱ्या आपल्या सर्वांचा प्रश्न आहे.

आधी कथा थोडक्यात पाहू. प्राध्यापक क्वाटरमास यांच्या गटाने तीन माणसांना अग्निबाणातून अंतराळात पाठवलेले असते. अग्निबाण ठरल्यापेक्षा फार दूर भरकटतो आणि परतताना लंडनच्या विंबल्डन भागात एका घरावर कोसळतो. दार उघडले जाते तेव्हा आत एकच माणूस असतो, व्हिक्टर कॅरून. उरलेल्या दोघांचे पोशाख तिथेच असतात, पण रिकामे! अंतराळातील कोणत्या तरी अज्ञात सजीवाने तिघांना एकत्र करून टाकलेले असते. पुढे कॅरूनचे शरीर बदलत जाते. निवडुंगाला हात लागताच त्यात वनस्पतीचे गुणही येतात. सहाव्या व शेवटच्या भागात हा जीव वेस्टमिन्स्टर ॲबी या प्रसिद्ध चर्चमध्ये पसरलेला सापडतो. त्याचे बीजाणू आता कोणत्याही क्षणी फुटून सर्वत्र पसरणार असतात.

स्पर्शाने निवडुंगाचे गुण माणसात उतरत नाहीत, हे आपले विद्यार्थीही सांगतील. पण १९५३ साली पहिला कृत्रिम उपग्रह सुटायला चार वर्षे आणि युरी गागारिन यांच्या उड्डाणाला आठ वर्षे अवकाश होता. अंतराळात माणसाचे काय होईल, हे कोणालाच अनुभवाने ठाऊक नव्हते. शिवाय त्याच वर्षी २ जूनला राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक याच ॲबीत झाला होता आणि लक्षावधी लोकांनी तो दूरचित्रवाणीवर पाहिला होता. तीन महिन्यांच्या आत त्याच वास्तूत, त्याच पडद्यावर हे संकट उभे राहिले. प्रेक्षक किती हादरले असतील, याची यावरून कल्पना यावी.

मग हा भाग गेला कुठे? ही मालिका लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधील स्टुडिओतून थेट प्रक्षेपित होत असे. कलाकार तिकडे अभिनय करीत आणि त्याच क्षणी लोक तो घरी पाहत. चित्रफितीवर ध्वनिमुद्रणासारखे चित्रमुद्रण करणारे व्यवहारोपयोगी यंत्र अमेरिकेत १९५६ साली आले. त्यापूर्वी एकच मार्ग होता. पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा ठेवून पडद्यावरील चित्रच टिपायचे. पहिले दोन भाग असे टिपले गेले, पण दर्जा समाधानकारक नव्हता. एका भागात तर पडद्यावर बसलेला किडाही चित्रित झालेला दिसतो! पुढचे चार भाग टिपण्याचा बेत सोडून देण्यात आला. नंतरच्या काळात अनेक कार्यक्रमांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. इथे मात्र पुसण्यासारखे काही मुळात तयारच झाले नव्हते.

तरीही शेवट आपल्याला माहीत आहे, तो इतर पुराव्यांवरून. संहिता १९५९ साली पुस्तकरूपाने छापली गेली. काही छायाचित्रे उरली. करणाऱ्यांच्या आठवणी नोंदवल्या गेल्या. त्या अक्राळविक्राळ जीवाचे रहस्यही अशाच आठवणींतून कळते. नील आणि त्यांच्या पत्नी ज्युडिथ कर यांनी हातमोज्यांवर वनस्पतींचे तुकडे चिकटवले आणि ॲबीच्या मोठ्या केलेल्या छायाचित्राला भोक पाडून त्यातून ते हात बाहेर काढले. खर्च नगण्य, परिणाम मोठा. मात्र प्रत्येक पुराव्याला मर्यादा असते. संहितेतून शब्द कळतात, पण नट कुठे थांबला, त्याचा आवाज कुठे कापला, ते कळत नाही.

त्या शेवटात क्वाटरमास शस्त्र घेऊन जात नाहीत. उड्डाणाच्या वेळी झालेले ध्वनिमुद्रण ते त्या जीवाला ऐकवतात आणि त्यात कुठेतरी उरलेल्या तीन माणसांना हाक मारतात. आतून विरोध करा, अशी विनवणी करतात. ती तीन मने जागी होतात आणि तो जीव मरतो. ज्याने त्यांना पाठवले, तोच स्वतः त्यांच्यासमोर जाऊन उभा राहतो.

१९५५ साली याच कथेवर हॅमर कंपनीने चित्रपट काढला. त्यात लंडनची वीज ॲबीकडे वळवून तो जीव जाळला जातो. क्वाटरमास निर्विकारपणे बाहेर पडतात, पुन्हा काम सुरू करायला निघतात आणि नवा अग्निबाण आकाशात झेपावतो. चित्रपट टिकला आणि देशोदेशी पाहिला गेला. मालिकेचा शेवट टिकला नाही. त्यामुळे अनेकांना ही कथा विजेच्या शेवटासह ठाऊक आहे. जे टिकते तेच मूळ असे नसते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे.

प्रत्यक्षातही हा प्रश्न पुढे आला. १९६७ च्या अंतराळ करारात, पृथ्वीबाहेरून आणलेल्या पदार्थांमुळे पृथ्वीच्या पर्यावरणात हानिकारक बदल होऊ नयेत, असे कलम आहे. १९६९ साली अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावरून परतले, तेव्हा त्यांना चंद्र सोडल्यापासून २१ दिवस पूर्ण होईपर्यंत वेगळे ठेवण्यात आले. धोका अगदी कमी मानला जात होता, तरीही ही काळजी घेतली गेली. चंद्रावर जीवसृष्टीचा मागमूस नाही याची खात्री पटल्यावर, १९७१ च्या अपोलो १४ नंतर हा विलगीकरणाचा नियम थांबवण्यात आला.

आम्हाला वाटते, वर्गात हे दोन्ही शेवट मुलांपुढे ठेवावेत आणि विचारावे : प्रयोग बिघडल्यावर शास्त्रज्ञाने काय करावे? काही मुले विजेच्या बाजूने बोलतील आणि त्यात तर्कही असेल. पण पाठवलेल्या तिघांची नावे कोणाच्या लक्षात राहिली, हेही त्यांना विचारायला हवे.