खेळण्यांतलें विमान

विमानविद्येचा इतिहास सांगणारे बहुधा राइट बंधूंच्या १९०३ सालच्या उड्डाणापासून आरंभ करितात. आमच्या मतें तो आरंभ बत्तीस वर्षें मागें न्यावयास हवा. १८७१ सालच्या ऑगस्टांत आल्फोन्स पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणानें पॅरिसच्या त्विलरी बागेंत हातभर लांबीचें एक विमान उडवून दाखविलें. त्याचें वजन सुमारें १६ ग्रॅम. पंखा फिरविण्यास पिळलेल्या रबरावांचून दुसरी शक्ति नव्हती. तरी तें ११ सेकंदांत सुमारें ४० मीटर गेलें. पेनोनें पंखांचीं टोकें वर वळविलीं होतीं व शेपटीची फळी किंचित् तिरपी बसविली होती. त्यामुळें झोंक गेला तरी विमान आपलें आपण सावरत असे.

परंतु खेळणीं करणारास शास्त्रज्ञ कोण म्हणणार? १८७६ सालीं त्यानें दोन माणसांना नेणाऱ्या विमानाच्या आराखड्याचें पेटंट घेतलें. तें बांधण्यास पैसा मिळाला नाहीं. १८८० सालीं, अवघा तीस वर्षांचा असतां, त्यानें आत्महत्या केली. नियतीचा खेळ असा, कीं १८७८ सालींच अमेरिकेंतील एका पाद्र्यानें पेनोच्या धर्तीचें रबरावर उडणारें खेळणें घरीं आणून आपल्या दोन मुलांना दिलें होतें. तीं मुलें म्हणजेच विल्बर आणि ऑरव्हिल राइट!

माणूस उडूं लागल्यावर तरी हीं खेळणीं निरुपयोगी झालीं काय? नाहीं. टेस्लानें १८९८ सालीं बिनतारी संदेशानें लहान होडी चालवून दाखविली होती. १९३७ सालीं अमेरिकेंतील गुड या जुळ्या भावांनीं तीच युक्ति ‘गफ’ नांवाच्या छोट्या विमानास लाविली. त्या काळच्या अनेक नमुन्यांत बिनतारी संदेश केवळ एक खटका सोडी. सुकाणू वळविण्याचें श्रम पिळलेलें रबरच करी. पेनोचें रबर असें पुन्हां कामास आलें.

या परंपरेचा कळस २००३ सालच्या ऑगस्टांत दिसला. मेनार्ड हिल हे सत्त्याहत्तर वर्षांचे, दृष्टि जवळजवळ गेलेले गृहस्थ. बाल्सा लाकडाचा सांगाडा व फेरफार केलेलें लहानसें इंजिन यांतून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिद्ध केलेलें विमान इंधनासह पांच किलोंहून हलकें होतें. उड्डाण व उतरणें बिनतारी यंत्रानें झालें. मधली वाट स्वयंचालक यंत्रणेनें सांभाळली. न्यूफाउंडलंडहून निघून सुमारें ३९ तासांत तें आयर्लंडांत क्लिफ्डनजवळ उतरलें. १९१९ सालीं ॲल्कॉक व ब्राउन हेहि अटलांटिक ओलांडून याच गांवाजवळ उतरले होते.

आम्हां पदवीधरांस हाताचें काम कारागिराचें वाटतें आणि खेळणें पोराचें. पेनोच्या परीक्षकांचेंहि मत याहून फारसें निराळें नसावें. सुतळी, लाकूड आणि रबर घेऊन बसलेल्या मुलाला “अभ्यास सोडून हें काय?” असें विचारण्यापूर्वीं त्या सोळा ग्रॅमांची आठवण ठेवणें बरें.