संगणकीय फाइलींचे नामांतर : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

दफ्तरातील कागदास नाव व क्रमांक देणे हे अभिलेखपालाचे मूलभूत काम होय. संगणकाच्या आगमनाने हे काम संपले नाही. त्याचे साधन तेवढे बदलले. प्रस्तुत लेखात या साधनाच्या विकासाचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

नाव आणि नोंद :

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्सची उभारणी सुरू केली. १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत ‘एमव्ही’ ही आज्ञा आढळते. युनिक्समध्ये फाइलीचे नाव तिच्या मजकुरात नसून निर्देशिकेतील नोंदीत असते. म्हणून नामांतर म्हणजे मजकुरास न शिवता नोंद बदलणे. प्रारंभी नवी नोंद जोडणे व जुनी काढणे असे याचे दोन टप्पे होते. मध्येच यंत्र बंद पडल्यास एका फाइलीस दोन नावे उरत. १९८३ च्या ‘४.२ बीएसडी’ आवृत्तीतील ‘रिनेम’ सुविधेने हे टप्पे एकत्र आणले.

एकाकडून अनेकांकडे :

१९८१ च्या एमएस-डॉसमध्ये नावास आठ व विस्तारास तीन अक्षरांची मर्यादा होती. मात्र ‘रेन’ या आज्ञेत तारकाचिन्ह वापरून अनेक फाइलींचे विस्तार एकदम बदलता येत. युनिक्समध्ये तारकाचिन्हाचा अर्थ ‘एमव्ही’पर्यंत पोहोचण्यापूर्वीच शेल लावतो. त्यामुळे तेथे फाइली एकेक करून घेणारे आवर्तन लिहावे लागते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील स्टीफन बॉर्न यांच्या शेलमध्ये ते तीन-चार ओळींत लिहिता येई. पुढे लॅरी वॉल यांच्या पर्ल भाषेमुळे (१९८७) नावांतील आकृतिबंध ओळखून बदल करणे सुलभ झाले.

अभ्यासकासाठी महत्त्व :

हस्तलिखिताच्या छायाप्रतींना ‘पान-२’, ‘पान-१०’ अशी नावे दिल्यास अक्षरक्रमाने दहावे पान दुसऱ्याच्या आधी येते. आकड्यांपूर्वी शून्ये जोडणारी छोटी आज्ञावली हा क्रम सुधारते. परंतु तिच्यातील चुकीने दोन फाइलींना एकच नाव मिळाल्यास ‘एमव्ही’ सामान्यतः न विचारता आधीची फाइल नष्ट करते. पान हरवते आणि त्याची खूणही उरत नाही. म्हणून नियोजित नावे प्रथम पडद्यावर छापून पाहावीत, जुन्या-नव्या नावांची यादी जपावी व मूळ प्रत वेगळी ठेवावी.

निष्कर्ष :

आज्ञावलीने श्रम वाचवले, जबाबदारी मात्र वाढवली. पूर्वी एका चुकीने एक कागद चुकीच्या जागी जाई. आता एका ओळीने संपूर्ण दफ्तर विस्कळीत होऊ शकते.