गुडमन आणि विल्सन : क्लॅरिनेट-पियानोची संगत

क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन आणि पियानोवादक टेडी विल्सन यांची संगत जुळली ती १९३५ च्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्स भागातल्या एका घरगुती मैफलीत. घर होते गायिका मिल्ड्रेड बेली आणि झायलोफोनवादक रेड नॉर्व्हो या दांपत्याचे. ध्वनिमुद्रणाच्या निमित्ताने दोघे त्याआधीही एकत्र वाजवून गेले होते, पण तेव्हा भोवती इतर वाद्ये होती. त्या रात्री क्लॅरिनेट आणि पियानो समोरासमोर आले आणि ऐकणाऱ्यांना काहीतरी वेगळे घडत असल्याचे लगेच जाणवले.

दोघांची घडण अगदी निरनिराळी. गुडमन १९०९ मध्ये शिकागोतल्या गरीब ज्यू कुटुंबात जन्मला, बारा भावंडांमधला नववा. त्याचे खरे शिक्षण झाले फ्रान्झ शेप या कडक शिस्तीच्या गुरूकडे. शेप गोरे-काळे असा भेद न करता शिकवत. एकाची शिकवणी संपली की त्याला थांबवून पुढच्या विद्यार्थ्याबरोबर वाजवायला बसवत. कृष्णवर्णीय बस्टर बेलीबरोबर गुडमन पोरवयात असाच वाजवत असे. विल्सन १९१२ चा, टेक्सासमधल्या ऑस्टिनचा. वाढला अलाबामातल्या टस्कीगी इथे. तिथल्या प्रसिद्ध कृष्णवर्णीय शिक्षणसंस्थेत त्याचे आईवडील नोकरीला होते. घरात पुस्तके होती, नेटकेपणाची सवय होती. विल्सनच्या बोटांतही तोच नेटकेपणा उतरला, असे म्हणायला हरकत नाही.

लवकरच या जोडीला ड्रमची साथ मिळाली, पण क्लॅरिनेट, पियानो आणि ड्रम ही मांडणी काही या दोघांनी शोधलेली नव्हती. जेली रोल मॉर्टनने १९२७ मध्ये जॉनी डॉड्स आणि बेबी डॉड्स या भावांबरोबर ती तबकडीवर आणली होती. १९२८ मध्ये शिकागोच्या एपेक्स क्लबात जिमी नून आणि अर्ल हाइन्स क्लॅरिनेट-पियानोची जोडी गाजवत होते. गुडमन-विल्सन यांनी या परंपरेत भर घातली ती मोकळ्या जागेची. दोघांपैकी कुणीही सगळी जागा अडवत नाही.

१३ जुलै १९३५ रोजी व्हिक्टर कंपनीसाठी ड्रमवादक जीन क्रुपासह या त्रयीने चार गाणी मुद्रित केली. त्यांतले ‘बॉडी अँड सोल’ कान देऊन ऐकावे. बत्तीस मात्राखंडांच्या या गाण्यात मधला भाग येतो तेव्हा षड्जच अर्ध्या सुराने वर सरकतो, थोड्याच वेळात पूर्ण सुराने खाली उतरतो आणि मग मूळ जागी परततो. सूर असा हलत असताना पायाखालची जमीन दाखवणारे कुणीतरी लागते. या त्रयीत खर्जाचे बास वाद्य नाही. ते काम विल्सनचा डावा हात करतो. तळचा सा आणि वरच्या सप्तकातला ग असे लांब अंतराचे स्वर तो एकत्र धरतो आणि पावलापावलाने पुढे सरकवतो. आधीच्या पियानोवादकांचा डावा हात खर्ज आणि मध्य यांमध्ये उड्या मारी, विल्सनचा चालतो. उजवा हात एकेरी सुरांच्या स्वच्छ ओळी गुंफतो, त्यामुळे क्लॅरिनेट गात असतानाही गर्दी होत नाही. गुडमनही खालच्या पट्टीतला मऊ, लाकडी आवाज आणि वरचा धारदार आवाज यांत फिरत पियानोला वाट देतो. या संगतीला जुगलबंदी म्हणणे चुकीचे ठरेल, कारण इथे चढाओढ नाही. एकाने अर्धवट सोडलेला विचार दुसरा उचलतो.

त्याच महिन्यात, २ जुलैला, विल्सनच्या नावाने झालेल्या ध्वनिमुद्रणात बिली हॉलिडे गायली आणि क्लॅरिनेटवर गुडमन होता. गोऱ्या-काळ्या कलावंतांनी स्टुडिओत एकत्र वाजवणे तेव्हा नवीन नव्हते. तबकडी ऐकणाऱ्याला कुणाचा चेहरा दिसत नसे. अडचण होती ती व्यासपीठावर. १२ एप्रिल १९३६ रोजी, ईस्टरच्या रविवारी, शिकागोच्या काँग्रेस हॉटेलात ही त्रयी जाहीर कार्यक्रमात बसली. संयोजक हेलन ओकली यांनी त्यासाठी धरलेला आग्रह आणि समीक्षक-निर्माते जॉन हॅमंड यांचे पाठबळ विसरता येणार नाही. तरीही विल्सन गुडमनच्या मोठ्या बँडच्या रांगेत बसत नसे. त्रयीचा कार्यक्रम वेगळा, मधल्या वेळेत होई. ही तडजोड बोचणारी होती. त्याच वर्षी लायोनेल हॅम्प्टन व्हायब्राफोन घेऊन आला आणि त्रयीची चौकडी झाली.

१६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्रयीने पुन्हा ‘बॉडी अँड सोल’ वाजवले. मोठ्या बँडच्या गडगडाटानंतर एवढ्या हलक्या वादनाने इतके मोठे सभागृह धरून ठेवणे सोपे नव्हते. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण १९५० मध्ये प्रसिद्ध झाले.

१९३९ मध्ये विल्सनने स्वतःचा बँड काढण्यासाठी गुडमनला सोडले. तो बँड फार टिकला नाही. पुढे विल्सन ‘कॅफे सोसायटी’ या क्लबात छोट्या संचासह वाजवू लागला आणि ज्युलियार्ड संगीतशाळेत शिकवूही लागला. जुनी जोडी मात्र अधूनमधून जमत राहिली. १९६२ मध्ये गुडमनच्या सोव्हिएत दौऱ्यात विल्सनही होता. १३ जून १९८६ रोजी गुडमनचे निधन झाले. त्याच वर्षी ३१ जुलैला विल्सनही गेला.