भिंतीवरचा मजकूर : भरतकामाच्या तसबिरी आणि नगरची शाळा

मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्यांनी भरलेला राघू, कौलारू बंगला, खाली 'सुस्वागतम्' ही अक्षरे, आणि वर काच लावून केलेली लाकडी चौकट. विसाव्या शतकातील कित्येक मराठी घरांच्या बैठकीच्या खोलीत अशी तसबीर असे. हस्तकला म्हणून तिचे कौतुक झाले. मजकूर म्हणून ती क्वचितच वाचली गेली. तसे वाचायचे तर आरंभ अहमदनगरपासून (आजचे अहिल्यानगर) करावा, असे आम्हांस वाटते.

अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली ठाणे उघडले. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईस आली, १८३९ मध्ये नगरला गेली आणि १८६२ मध्ये तेथेच निवर्तली. तिची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले व १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंचे अध्यापन-प्रशिक्षणही तिच्याकडे झाल्याचे चरित्रकार सांगतात. मराठी स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात नगरचे नाव येते ते या मार्गाने. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन, लेखन, गणित यांच्या जोडीला शिवणकाम असे. पाटी आणि सुई एकाच वर्गात होत्या, हे आपण सहसा विसरतो.

याच काळात युरोप-अमेरिकेत 'बर्लिन वर्क'ची लाट होती. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनच्या छापखानदारांनी चौकटींच्या कागदावर रंगीत नमुने छापले; एक चौकट म्हणजे एक टाका. चित्रकला न येणारीलाही केवळ मोजून चित्र भरता येऊ लागले. आपल्याकडील दुसुती व मॅटीवरचे काम याच मोजणीच्या तत्त्वावर चालते. रोमन लिपीतील उभ्या-आडव्या रेषांची अक्षरे या जाळीत सहज बसतात. देवनागरीची शिरोरेषा सरळ जाते, पण 'स'ची गाठ, 'व'चे पोट, 'स्वा'चे जोडाक्षर पायऱ्यापायऱ्यांनी उतरवावे लागते. म्हणजे भरणारीला अक्षराची घडण नव्याने सोडवावी लागे. हे लेखनच होय.

परंतु यात केवळ मुक्ती पाहणे भाबडेपणाचे ठरेल. मुलीने वाचणे संशयास्पद, शिवणे मात्र शोभनीय, असा तो काळ होता. घरातील स्त्रियांचाच आपल्या शिक्षणाला किती विरोध होता, हे रमाबाई रानडे यांनी १९१० च्या आपल्या आठवणींत नोंदविले आहे. सुईने शाळेला प्रतिष्ठा दिली आणि त्याच वेळी मुलीला मान खाली घालून बसावयास शिकविले. पुढे वधूपरीक्षेच्या वेळी 'हे आमच्या मुलीनं केलंय' म्हणून तीच तसबीर दाखविली जाई. म्हणजे कलाकृती गुणपत्रक झाली. रोझिका पार्कर यांनी 'द सब्व्हर्सिव्ह स्टिच' (१९८४) या ग्रंथात मांडलेला मुद्दा येथे उपयोगी पडतो : भरतकाम स्त्रीत्वाची शिस्त लावते, तसेच त्या शिस्तीशी वाटाघाट करण्याचे साधनही देते. ससेक्समधील एलिझाबेथ पार्कर या मोलकरणीने १८३० च्या सुमारास लाल रेशमाच्या फुल्यांनी आपली दुःखकहाणी कापडावर लिहिली. ती अर्ध्यावरच थांबते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ती आज आत्मचरित्र म्हणून वाचली जाते.

आपल्या तसबिरींवर आत्मचरित्र नाही, बहुधा नावही नाही. 'सुस्वागतम्' हे घराचे वाक्य आहे, भरणारीचे नव्हे. जिला अक्षरे आली, तिला स्वतःचे वाक्य मात्र मिळाले नाही. या दोहोंतील अंतर हा स्त्रीसाक्षरतेच्या इतिहासाचा प्रश्न आहे, आणि साक्षरांच्या आकडेवारीतून तो दिसत नाही. म्हणून घर रिकामे करताना अशी तसबीर रद्दीत टाकण्यापूर्वी तिची पाठ उघडून पाहावी. चुकलेली मोजणी, उसवून पुन्हा घातलेले टाके, मध्येच संपलेल्या लडीचा बदललेला रंग तेथेच दिसतो. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून भरणारीचे नाव, गाव व साल मागे लिहून ठेवावे. अभ्यासकाचे काम त्यानंतर सुरू होईल.